तिसऱ्या व्हायोलिनची जागा : प्रस्तावना

१८ जून १९५८ रोजी इंग्लंडच्या सफोक परगण्यात, ऑर्फर्ड नावाच्या लहानशा गावातल्या सेंट बार्थॉलम्यू चर्चमध्ये, संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचा ‘नोयेज फ्लड’ हा बायबलमधल्या नोआच्या प्रलयाची कथा सांगणारा ऑपेरा पहिल्यांदा झाला. नोआ, त्याची बायको, देवाचा आवाज आणि वाद्यवृंदातले थोडे वादक एवढेच व्यावसायिक होते. बाकी सगळा कारभार आसपासच्या मुलांचा होता. रेकॉर्डर (म्हणजे उभी धरून फुंकायची बासरी), बिगुल आणि ढोल-झांजा मुलं वाजवत होती, नौकेत शिरणारे प्राणी मुलंच झाली होती, कावळा आणि कबूतरही मुलंच.

या मुलांच्या व्हायोलिनचे ब्रिटननी तीन गट केले होते. पहिल्या गटात बऱ्यापैकी वाजवणारी मुलं. त्यांनी डावा हात तारेवर थोडा वर सरकवायचा. दुसऱ्या गटाचा हात पहिल्याच जागी राहणार. तिसरा गट अगदी नवशिक्यांचा, ज्यांना व्हायोलिन हनुवटीखाली नीट धरता येतं एवढंच. त्यांच्या वाट्याला लांबच लांब पट्टे आहेत ते नुसत्या मोकळ्या तारांवर गज ओढण्याचे. बोट टेकवायचंच नाही. पण तो मोकळ्या तारेचा सूर त्या ठिकाणी हवाच आहे. तो काढून घेतला तर त्या संगीताचा तळ जातो.

हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते या तिसऱ्या गटामुळे. मुलांसाठी लिहिलेलं संगीत आपल्याला अपरिचित नाही. बालगीतं आहेत, बालनाट्यं आहेत, शाळेच्या प्रार्थना आहेत. पण ज्याला अजून काहीच येत नाही त्याच्यासाठी एका मोठ्या, गंभीर रचनेत जागा राखून ठेवायची, ती जागा दयेची नसावी, आणि तिथला सूर त्या मुलाला आज, या घडीला, शुद्ध लावता येईल असा नेमका हिशेब मांडायचा, हे काम फार थोड्या संगीतकारांनी केलं. ब्रिटननी ते आयुष्यभर केलं. माझ्या मते संगीतशिक्षणात विसाव्या शतकात झालेल्या कामांपैकी हे फार मोलाचं काम आहे आणि मराठी शिक्षकांना ते माहीत असायला हवं.

ब्रिटन १९१३ साली सफोकच्याच किनाऱ्यावर लोस्टॉफ्टला जन्मले आणि १९७६ मध्ये तिथून जवळच ऑल्डबराला वारले. मुलांसाठी लिहायला त्यांनी विशीतच सुरुवात केली होती. त्यांचा भाऊ वेल्समधल्या एका शाळेचा मुख्याध्यापक होता. तिथे शुक्रवारी दुपारी गाण्याचा तास असे. त्या तासासाठी १९३३ ते १९३५ या काळात ब्रिटननी बारा गाणी रचली आणि संग्रहाला नावही ‘शुक्रवारच्या दुपारी’ असंच दिलं. साध्या चाली, आवाजाचा आवाका लहान, पण पियानोची साथ अशी की शाळेचं गाणं म्हणून कुणी नाक मुरडू नये. पुढे १९४६ मध्ये आलेल्या, वाद्यवृंदाची ओळख करून देणाऱ्या एका शैक्षणिक चित्रपटासाठी त्यांनी हेन्री पर्सेल या जुन्या इंग्लिश संगीतकाराच्या एका चालीवर विस्तार रचला. त्यात एकेक वाद्य पुढे येऊन आपला रंग दाखवतं आणि शेवटी सगळी एकत्र येतात. जगभरच्या शाळांत आजही तो वाजतो. तरी त्या रचनेत मूल श्रोताच आहे. मूल रचनेच्या आत आलं ते नंतर, ऑपेराच्या वाटेने.

ती वाट १९४९ मध्ये उघडली. आदल्याच वर्षी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑल्डबरा या मच्छीमारांच्या गावात संगीतमहोत्सव सुरू केला होता. दुसऱ्या वर्षी, १४ जूनला, गावच्या ज्युबिली हॉलमध्ये ‘लेट्स मेक ॲन ऑपेरा’ झाला. याचा पहिला भाग साधं बोलतं नाटक आहे. काही मुलं आणि मोठी माणसं मिळून एक ऑपेरा बसवतात: गोष्ट कोणती घ्यायची, कोण काय गाईल, तालमी कशा होतील. दुसरा भाग म्हणजे तोच बसवलेला ऑपेरा, ‘द लिटल स्वीप’. संहिता एरिक क्रोझियर यांची. काळ १८१०, जागा सफोकमधलीच एक हवेली. सॅम हा आठ वर्षांचा मुलगा धुराडं साफ करणाऱ्याच्या ताब्यात दिलेला आहे. धुराड्यात चढवल्यावर तो अडकतो आणि घरातली मुलं त्याला ओढून काढतात, आंघोळ घालतात, लपवतात आणि शेवटी पेटीत घालून पळवून नेतात.

बालमजुरीची ही गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये लहान मुलांना धुराड्यात चढवणं १८७५ च्या कायद्यापर्यंत पुरतं थांबलं नव्हतं. मुलांच्या ऑपेराला असा विषय निवडला, तो गोड करून सांगितला नाही आणि सोडवणूक मुलांच्याच हातून करवली, याचं मला फार अप्रूप वाटतं. वाद्यं तरी किती? चार तंतुवाद्यं, एका पियानोवर दोघं जण आणि तालवाद्यं. शाळेच्या सभागृहात मावेल एवढा हा पसारा.

पण खरी नवलाई प्रेक्षकांत आहे. या ऑपेरात चार गाणी प्रेक्षकांनी म्हणायची असतात आणि पडदा उघडण्याआधी संचालक ती त्यांच्याकडून बसवून घेतो. म्हणजे तिकीट काढून आलेल्या माणसाचीही तालीम होते. पहिलं गाणं पाच मात्रांच्या वजनाचं आहे. आपल्याला झपतालाची सवय असल्याने त्यात विशेष वाटणार नाही, पण तीन आणि चार मात्रांवर वाढलेल्या इंग्लिश प्रेक्षकाकडून ते म्हणवून घेणं धाडसाचं होतं. रात्रीच्या गाण्यात तर प्रेक्षकांचे चार गट पडतात आणि घुबड, बगळा, होला नि चॅफिंच अशा चार पक्ष्यांचे आवाज ते आळीपाळीने काढतात. चॅफिंच हा तिकडचा चिमणीएवढा पक्षी. त्या गाण्यापर्यंत सभागृहात नुसतं ऐकत बसलेलं कुणी उरत नाही.

‘नोयेज फ्लड’ याच्याही पुढे गेला. या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग मी त्याला दिला आहे, आणि त्याबद्दल मला कोणतीही सबब सांगायची नाही.

त्याची संहिता ब्रिटननी मध्ययुगातून घेतली. इंग्लंडच्या चेस्टर शहरात बायबलमधल्या कथांची नाटकं गाड्यांवर होत आणि गावातल्या एकेका धंद्याच्या संघाकडे एकेक कथा सोपवलेली असे. प्रलयाची कथा डी नदीचं पाणी ओढून घरोघर पोचवणाऱ्यांकडे होती. पाण्याची गोष्ट पाणक्यांनी सांगायची. तेव्हाची जुनी इंग्रजी ब्रिटननी तशीच ठेवली, शीर्षकातलं स्पेलिंगसुद्धा. आणि अटही घातली की हा प्रयोग चर्चमध्ये किंवा एखाद्या मोठ्या इमारतीत व्हावा, नाट्यगृहात नको. रंगमंच लोकांपासून तोडलेला नसावा आणि वाद्यवृंद लपवू नये. मूळ नाटक करणारी माणसं गावातली होती, तशी आताही गावातलीच असावीत, हा त्यामागचा विचार स्पष्ट दिसतो.

आता संगीत. प्रलयाचं वादळ ज्या पद्धतीने रचलं आहे तिला पश्चिमेत पासाकाल्या म्हणतात. खर्जात एक स्वरावली सुरू होते आणि आवर्तनामागून आवर्तन तीच फिरत राहते. वरचं सगळं बदलत जातं. तबल्याच्या एकलवादनात सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा धरतात, त्याचीच रीत. ही रीत मुलांच्या वाद्यवृंदासाठी किती सोयीची आहे पाहा. खालचा लेहरा मोठ्यांच्या हाती पक्का आहे, म्हणून वर प्रत्येक गटाला एकच काम देता येतं. पावसाचे पहिले थेंब, मग वारा, मग गडगडाट, लाटा. रेकॉर्डर वाजवणारी मुलं जीभ थरथरवत फुंकतात आणि वारा घोंघावतो. तालवाद्यांवरची मुलं मेघगर्जना करतात. एकाही मुलाला एकट्याने वादळ उभं करायचं नाही, पण सगळ्यांचं मिळून झालेलं वादळ अंगावर येतं.

थेंबांची गंमत थोडी सांगितलीच पाहिजे. पाऊस पडू लागतो तो चहाच्या कपांतून. चिनी मातीचे वेगवेगळ्या आकारांचे कप दोरीला कानाने टांगायचे आणि लाकडी चमच्याने वाजवायचे. ही युक्ती ब्रिटनना दिली इमोजन होल्स्ट यांनी. संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांची ही मुलगी तेव्हा ब्रिटनची सहायक होती, पण त्याआधी तिने इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना, हौशी मंडळींना गाणं-वाजवणं शिकवण्यात वर्षं घातली होती, आणि असे टांगलेले कप तिने तिथेच वापरले होते. आपल्याला या बाईंबद्दल आणखी एका कारणाने आस्था वाटावी. १९५० च्या डिसेंबरात त्या शांतिनिकेतनात येऊन राहिल्या, तिथे शिकवलं, आपल्या लोकसंगीताचा अभ्यास केला आणि इथल्या दहा लोकधुना रेकॉर्डरसाठी मांडल्या. हौशी माणसाकडून शुद्ध संगीत काढून घेण्याची त्यांची विद्या ब्रिटनच्या मुलांसाठीच्या कामात ठायी ठायी दिसते, तरी त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही. या पुस्तकात ते घेतलं आहे.

वादळ शिगेला पोचतं तेव्हा नौकेतली सगळी मंडळी, समुद्रावरच्या माणसांचं रक्षण कर, असं विनवणारं स्तोत्र सुरू करतात आणि पुढच्या कडव्याला चर्चमध्ये बसलेला प्रत्येक माणूस उभा राहून त्यात सामील होतो. हे स्तोत्र तिकडे लहानथोर सगळ्यांच्या तोंडी आहे. खाली तीच चंचल स्वरावली अजून घुमतेच आहे, वर हजारदा म्हटलेली ओळखीची चाल. अशी तीन स्तोत्रं या ऑपेरात आहेत: एक सुरुवातीला, एक वादळात, एक शेवटी. पंढरीच्या वाटेवर दिंडी जवळून जाताना बघ्याच्या तोंडून आपोआप अभंगाचं धृपद निघावं, तसं तिथे होतं.

नंतरचा भाग मला सर्वांत आवडतो. पाणी ओसरलं का हे पाहायला नोआ आधी कावळा सोडतो. तो चेलोच्या सुरावर नाचतो, आणि परत येत नाही. मग कबूतर सोडतो, ते रेकॉर्डरच्या सुरावर. इथे ब्रिटननी दोन मुलांना सबंध जागा मोकळी करून दिली आहे, ना गाणं ना संवाद. इंद्रधनुष्य उमटतं तेव्हा हातघंटा वाजू लागतात. ऑल्डबराच्या युवक मंडळातली मुलं या घंटांचा सराव करायची आणि तो नाद ब्रिटनना रचनेत हवा होता. गावात जे वाजत होतं ते त्यांनी उचललं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ॲस्पेन इथे पुरस्कार घेताना केलेल्या भाषणात त्यांनी हेच मांडलं होतं की संगीत हे जिथे आपण राहतो तिथल्या जिवंत माणसांच्या उपयोगी पडलं पाहिजे.

ब्रिटन सोडून आणखी एकाच रचनेवर मी स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे: हान्स क्रासा या चेक ज्यू संगीतकाराचा ‘ब्रुंडिबार’. तो १९३८ मध्ये एका स्पर्धेसाठी लिहिलेला. आईच्या औषधपाण्याला दूध आणायला निघालेली दोन भावंडं, त्यांना चौकात गाऊ न देणारा पेटीवाला ब्रुंडिबार आणि भावंडांच्या मदतीला येणारे चिमणी, मांजर, कुत्रा नि गावातली मुलं. प्रागच्या ज्यू अनाथाश्रमात त्याचा प्रयोग झाला तेव्हा नाझींचा फास आवळला गेला होता. क्रासा आणि बहुतेक मंडळी तेरेझीनच्या छळछावणीत गेली. तिथे जी वाद्यं हाताशी होती तेवढ्यांसाठी क्रासा यांनी वाद्यमेळ पुन्हा लिहून काढला आणि २३ सप्टेंबर १९४३ रोजी पुन्हा प्रयोग झाला. तिथे त्याचे ५५ प्रयोग झाले. मुलांना पूर्वेकडच्या गाड्यांत भरून नेत, म्हणून पात्रं सतत बदलत. गेलेल्याच्या जागी दुसरं मूल उभं राहू शके, कारण गाणी छावणीतल्या साऱ्या मुलांना पाठ झाली होती. जून १९४४ मध्ये रेड क्रॉसचं पथक पाहणीला आलं तेव्हा नाझींनी हाच ऑपेरा त्यांना दाखवला, छावणी किती सुखाची आहे हे भासवायला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्रासा ऑश्विट्झला मारले गेले. मुलंही बहुतेक गेली.

हे प्रकरण लिहिताना हात जड झाला. संगीताने त्या मुलांना वाचवलं असं मी लिहिलेलं नाही. ते खोटं आहे. वाचलेल्या मोजक्या मुलांनी पुढे सांगितलं ते एवढंच की रंगमंचावर उभं असताना छातीवरचा पिवळा तारा लावावा लागत नसे. त्यांनी म्हटलेलं, ब्रुंडिबारवरच्या विजयाचं शेवटचं समूहगान खरं कुणावर आहे, हे ऐकणाऱ्या सगळ्यांना कळत होतं.

आता आपल्याकडे. ऑपेरा म्हटलं की मराठी वाचकाला तो फार लांबचा वाटतो, पण तितका तो लांब नाही. लुकाझिन्हो रिबेरो हा गोवेकर मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीच्या सहवासात होता, आणि १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झालेल्या त्याच्या ज्या नाटकापासून कोकणी तियात्राचा इतिहास मोजतात, त्याचं नावच ‘इटालियन भुरगो’ आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत तर शतकानुशतकं मुलं स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत आली. मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद पुढे ज्यांच्या जिवावर उभे राहिले ते वादक याच परंपरेतून आले.

आणि आपली संगीत नाटकं? १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ आणलं, त्यानंतर पन्नास वर्षं मराठी मुलांची मोठी संगीतशाळा म्हणजे नाटक मंडळीच होती. केशवराव भोसले मिसरूड फुटण्याआधी ‘शारदा’ म्हणून गाजले. मास्तर कृष्णराव बालनट होते. गोव्याच्या मंगेशीचे दीनानाथ कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत आले. बिऱ्हाडी तालीम, वडीलधाऱ्यांचं गाणं कानांवर, रात्री प्रयोग: अशी तयारी आज कुठल्याही वर्गात होत नाही. पण त्या शाळेत प्रवेश गळ्याला होता. ज्याचा गळा गोड त्याला घेतलं, आवाज फुटला की त्याचं पुढे काय हा प्रश्न बाकी. आणि ज्याला गळा नव्हता त्याला पाणी भरण्यापलीकडे काम नव्हतं. ही निवड आपल्या अजून अंगवळणी आहे. मुलाला गाण्याच्या क्लासला घालतो ते परीक्षेसाठी. परीक्षेत ते एकटंच गातं. स्पर्धेत एकाला पहिला क्रमांक मिळतो. स्नेहसंमेलनात बाकीची मुलं ध्वनिमुद्रित गाण्यावर हात हलवतात. दहा वर्षं सरळ अलंकार घोटूनही इतरांच्या सुरात आपला सूर मिसळणं म्हणजे काय, हे आपल्या कित्येक मुलांना कधी अनुभवायलाच मिळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर हमखास येणारी हरकत अशी की त्यांच्या संगीतात अनेक सुरावटी एकदम चालतात, म्हणून नवशिक्याला खालची सोपी सुरावट देता येते. आपलं संगीत एका सुरावटीचं, त्यात अशी जागा कुठून काढणार? मला वाटतं, ही जागा आपल्याकडे त्यांच्याआधीपासून आहे. गुरूच्या मैफलीत मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्य आठवा. त्याला अजून राग मांडता येत नाही. पण तानपुरा नीट जुळवणं, तो अखंड झंकारता ठेवणं, गुरूचा श्वास संपत आला की हलकेच सूर भरून देणं, ही कामं त्याच्याकडे आहेत आणि त्यांच्याशिवाय मैफल उभी राहत नाही. तो तारांवर बोट टेकवतच नाही. मोकळ्या तारा छेडतो. ब्रिटनचा तिसरा व्हायोलिन आणि हा शिष्य एकाच जागी बसले आहेत. फरक एवढाच की आपण ही जागा एका-दोघांसाठी ठेवली आणि ब्रिटननी ती शाळाभर वाढवली.

ती आपल्याकडेही वाढवता येईल. षड्ज धरून उभा राहणारा गट, सम दाखवणारा टाळांचा गट, फक्त धृपद उचलणारा गट, लेहऱ्यावर चार स्वरांचं एकच वळण फिरवणारा पेटीचा गट, आणि मधोमध दोन-तीन तयार गळे. एकाचंही काम मुलाच्या आवाक्याबाहेर नाही, आणि एकही काम वगळता येणारं नाही. मात्र यासाठी रचनाकाराने मुलांच्या मध्ये जाऊन बसायला हवं आणि कोणाला किती येतं ते नेमकं पाहायला हवं. शाळेला चांगली चाल बांधून देणारे संगीतकार आपल्याकडे आहेत. या मुलाला ‘म’ लागत नाही, तर त्याच्यासाठी ‘सा’ आणि ‘प’ यांतच महत्त्वाचं काहीतरी ठेवू या, असं म्हणणारे मला फारसे भेटले नाहीत. हे पुस्तक मुख्यत्वे त्यांच्यासाठी आहे.

वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाण्यांचे शब्द मी दिलेले नाहीत, आशय सांगितला आहे. संगीताची उदाहरणं सरगममध्ये आहेत. जिथे एकाच वेळी तीन गट वाजतात तिथे तीन ओळी एकाखाली एक मांडल्या आहेत आणि मात्रा सरळ रेषेत जुळवल्या आहेत, म्हणजे पेटी येणाऱ्या शिक्षकाला वर्गातच ते करून पाहता येईल. रेकॉर्डरच्या जागी बासरी घेतली तर स्वर कुठे बदलावे लागतात, हे त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. टांगलेल्या कपांसाठी इमोजन होल्स्टसारखं बाजारात जाऊन एकेक कप चमच्याने वाजवून पाहायला काहीच हरकत नाही. दुकानदाराला आधी सांगावं.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचा आग्रह नाही. ज्यांच्या हाती वर्ग आहे त्यांनी सरळ चौथ्या प्रकरणातलं वादळ उघडावं आणि सुरुवात तिसऱ्या व्हायोलिनच्या ओळीपासून करावी. वर्गात ज्याला आजवर नुसतं बसवून ठेवलं आहे अशा मुलाला ती ओळ द्यावी. मग दुसरी ओळ, मग पहिली, आणि खालचा लेहरा शिक्षकाने स्वतः धरावा.